भीमेच्या गाळाचा ताळेबंद

सोलापूर जिल्ह्यात धातूची खाण नाही. लोहखनिज गडचिरोलीच्या सूरजागडला, मँगनीज नागपूर-भंडाऱ्यात, क्रोमाइट कणकवलीच्या परिसरात आणि बॉक्साइट कोल्हापूरच्या सह्याद्रीमाथ्यावर. सोलापूरच्या वाट्याला आले ते गौण खनिज: खडी, मुरूम आणि वाळू. खाणीलगतच्या नदीत गाळ किती बिघडला आणि त्यातील जड धातूंमुळे जलजीवांना, पुढे माणसांना किती धोका आहे, हा प्रश्न जगभर विचारला जातो. सोलापुरात तो थोडा वेगळा होतो, कारण इथे नदीचे पात्र हीच खाण आहे, आणि गाळातले धातू तिथल्या उपशातून आलेले नाहीत. ते काही कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून, शंभर-दीडशे वर्षांच्या गिरण्यांतून, वरच्या अंगाच्या कारखान्यांतून आणि शेतातल्या फवारणीतून आले. वाळूउपशाने त्यांची वाटणी बदलली आणि त्यांचा हिशेब अवघड केला.

भीमा भीमाशंकरला उगम पावते. भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा आणि घोड यांचे पाणी घेऊन ती उजनीच्या जलाशयात शिरते. धरणाखाली नरसिंहपूरला उजवीकडून नीरा मिळते. पंढरपूरला नदी अर्धचंद्राकार वळते, म्हणून तिथे ती चंद्रभागा. पुढे माण येऊन मिळते आणि दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडल येथे अहिल्यानगरकडून आलेली सीना. या संगमावरच्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख आहे आणि मराठीतील सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. संगमानंतर थोड्याच अंतरावर भीमा कर्नाटकाची होते. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे नदीतले पाणी बव्हंशी सह्याद्रीचे. गाळात मात्र सोलापूरच्या काळ्या रानाचाही मोठा हिस्सा.

हे काळे रान कशाचे, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. संपूर्ण सोलापूर जिल्हा या बेसाल्ट खडकावर बसला आहे. बेसाल्टमध्ये गारगोटी जवळजवळ नसते. तो झिजला की ग्रॅनाइटच्या प्रदेशासारखी पांढरी वाळू होत नाही, चिकणमाती होते. भीमेच्या वाळूत म्हणूनच काळ्या खडकाचे बारीक तुकडे, अकीक-गारेचे खडे आणि चुनखडीचे कण दिसतात, आणि ही वाळू मुळातच थोडी. नदीने तिचा साठा करायला हजारो वर्षे घेतली.

बेसाल्ट हा धातूंच्या बाबतीत उदार खडक आहे. कार्ल ट्युरेकियन आणि कार्ल हान्स वेडेपोल यांनी १९६१ मध्ये पृथ्वीवरच्या मुख्य खडकांची सरासरी घडण एका तक्त्यात मांडली. तो तक्ता आजही गाळाच्या अभ्यासाचा पाया मानला जातो. त्यात सामान्य शेलमध्ये, म्हणजे दाबून खडक झालेल्या चिखलात, दर किलोला तांबे ४५ मिलिग्रॅम, क्रोमियम ९० आणि निकेल ६८ आहे. बेसाल्टमध्ये हेच आकडे तांबे ८७, क्रोमियम १७० आणि निकेल १३० असे जवळजवळ दुप्पट होतात. शिसे मात्र उलटे: शेलमध्ये २०, बेसाल्टमध्ये अवघे ६. कॅडमियम शेलमध्ये ०.३, बेसाल्टमध्ये ०.२२. दख्खनच्या बेसाल्टमध्ये तर तांबे शंभराच्या पुढे सहज जाते. एकही कारखाना नसता तरी भीमेच्या गाळात तांबे, निकेल आणि क्रोमियम भरपूर आणि शिसे थोडे असेच चित्र राहिले असते.

माणसाच्या हाताचे तांबेही या खोऱ्यात जुनेच. भीमेची उपनदी घोड हिच्या काठी, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. तिथली ताम्रपाषाणयुगीन वस्ती सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. तिथे तांब्याच्या वस्तू सापडल्या, पण त्यांची संख्या इतकी थोडी की नदीच्या गाळावर त्यांचा ठसा उमटण्याचे कारण नाही. या नद्यांच्या काठांवर उभ्या कापलेल्या जुन्या पोयट्याच्या दरडी दिसतात. मानवी हस्तक्षेपापूर्वीचा गाळ कसा होता, हे सांगणारा पुरावा म्हणून त्यांचे मोल फार मोठे आहे.

गाळ साठवण्याची हौस सोलापूरला धरणांच्या आधीपासून होती, ती तळ्यांच्या रूपाने. शहरातले सिद्धेश्वर तळे बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या नावाशी जोडलेले आहे. ब्रिटिश अमदानीत दुष्काळावर तोड म्हणून आदिला नदी अडवून १८७१ मध्ये एकरुख तलाव पुरा झाला. लोक त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतात. अशा तळ्याचा उपयोग पाण्यापुरता नसतो. वाहत्या नदीत दर पुराला गाळ उलथतो, तळ्यात तो वर्षावर वर्ष शांतपणे बसतो. तळातून नळी दाबून सलग गाभा काढला, तर वरचा थर कालचा आणि खालचा १८७१ चा. थरांची वये शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकावरून ठरवता येतात, कारण त्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे २२ वर्षे आहे. १९६३ च्या सुमाराचा थर ओळखायला अणुचाचण्यांतून पडलेले सिझियम-१३७ उपयोगी पडते. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली पूर्ण बंद झाले. मुंबई-पुणे-हैदराबाद रस्त्यावरच्या शहराजवळील तलावात शिशाचा चढ आणि उतार या थरांत दिसायला हवा. इतका सोयीचा कागद जिल्ह्यात दुसरा नाही.

एकरुख तलाव झाल्यानंतर सहाच वर्षांनी, १८७७ मध्ये, सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली. गिरण्यांच्या आधीपासून इथे हातमाग होते, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी ते वाढवले. पुढे यंत्रमाग आले, चादर आणि टॉवेल देशभर गेले. माग स्वतः पाणी खराब करीत नाही, रंगाई करते. सुती कापड रंगवण्याच्या जुन्या रीतींत गंधकी रंग आणि अनिलीन काळा पक्के करण्यासाठी सोडियम किंवा पोटॅशियम डायक्रोमेट वापरले जाई, काही थेट रंगांना धुण्यात टिकण्यासाठी मोरचुदाची प्रक्रिया देत. दोन्हींत धातू आहे: एकात क्रोमियम, दुसऱ्यात तांबे. आधुनिक रंगांनी हे प्रमाण घटवले. मात्र धातू कुजत नाही, विरघळून नाहीसा होत नाही. नाल्यातून सीनेकडे गेलेला प्रत्येक ग्रॅम कुठल्या ना कुठल्या गाळात बसलेला असतो. औद्योगिक काळाची भर एवढ्यावर थांबली नाही. फताटेवाडीचा औष्णिक वीजप्रकल्प २०१७ आणि २०१९ मध्ये दोन संचांनी सुरू झाला. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, पारा आणि शिसे अल्प प्रमाणात असतातच, त्यामुळे राखेचे व्यवस्थापन हाही गाळाच्या हिशेबातला एक रकाना झाला.

या सगळ्यापेक्षा मोठा बदल उजनीने केला. यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते १९६६ मध्ये कामाला आरंभ झाला आणि १९८० मध्ये धरण पूर्ण झाले. जलाशयाचे नाव यशवंतसागर. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृत साठा, म्हणजे उपयुक्त साठ्यापेक्षा जास्त. म्हणूनच उजनीची टक्केवारी ‘वजा’त जाते: उपयुक्त ५३ टीएमसी संपले की मृत साठ्यातून घेतलेले पाणी उणे चिन्हाने मोजतात. २०१६ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत धरण वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले. सोलापूरकरांच्या रोजच्या बोलण्यात ‘उजनी वजा किती’ हा प्रश्न पावसाइतकाच सहज येतो.

उजनी भरते ते पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या खालून. १९५० च्या दशकापासून पिंपरी परिसरात औषधनिर्मिती, मग वाहन उद्योग आणि त्यांच्या भोवती शेकडो लहान कारखाने उभे राहिले. वाहनाच्या सुट्या भागांना निकेल, क्रोमियम आणि जस्ताचा मुलामा द्यावा लागतो, आणि मुलाम्याच्या टाक्यांतून निघणारे धुवण जड धातूंचे नेहमीचे उगमस्थान असते. त्यात दोन्ही शहरांचे सांडपाणी. पवना, इंद्रायणी आणि मुळा-मुठा हे सारे भीमेत आणून सोडतात. वाहत्या पाण्यात बारीक कण तरंगत राहतात. जलाशयात पाणी संथ झाले की ते तळाला जातात. जड धातू या बारीक कणांनाच, विशेषतः ६३ मायक्रॉनपेक्षा लहान चिखलाला आणि सेंद्रिय मळाला चिकटतात. त्यामुळे १९८० पासून उजनी ही पुण्याच्या औद्योगिक इतिहासाची वखार झाली आहे. खालच्या अंगाला सोलापूर शहर आहे. धरणातून सोडलेले पाणी भीमेच्या पात्रातून औज-चिंचपूरच्या बंधाऱ्यांपर्यंत येते आणि टाकळीहून शहराला जाते. बरीच वर्षे शहर नदीच्या पात्रातून वाहत आलेले हेच पाणी प्यायले.

उजनीने ऊस आणला, उसाबरोबर साखर कारखाने आणि खते. स्फुरदयुक्त खतांच्या मूळ खडकात कॅडमियम असते, ते खताबरोबर जमिनीत आणि जमिनीतून नाल्यात येते. कोरडवाहू माळावर डाळिंब आले. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याआधी २००५ मध्ये केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र झाले. डाळिंबावरचा तेल्या आणि द्राक्षावरचा केवडा या रोगांसाठी शेतकऱ्याच्या हाती असलेले जुने औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. एक टक्का मिश्रणाची कृती बागाईतदाराला पाठ असते: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचुदात वजनाच्या सुमारे पाव भाग तांबे असते. हेक्टरी हजार लिटर फवारले तर अडीच किलो तांबे एका फवारणीत रानावर पडते. हंगामात फवारण्या अनेक आणि बागेचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे. पाऊस थोडा असल्याने हे तांबे बहुतेक तिथेच राहते, पण अवकाळी गारपिटीच्या एका लोंढ्यात वरची माती ओढ्याला लागते. ओढ्याच्या गाळात तांबे जास्त निघाले तर ते लाव्ह्याचे, गिरणीचे की बागेचे, हे नुसत्या एकूण आकड्यावरून कुणालाही सांगता येणार नाही.

वाळूची गोष्ट याच काळात वाढली. वाळूचा व्यवहार पूर्वी गावापुरता होता. बैलगाडी पात्रात उतरे, घर बांधण्यापुरती वाळू भरून निघे. सिमेंट काँक्रीटची घरे, कालवे, पूल आणि रस्ते यांनी मागणी कैक पटींनी वाढवली. कायद्याने वाळू गौण खनिज, आणि १९५७ च्या खाण व खनिज कायद्यातील कलम १५ ने तिच्यावरचे नियम करण्याचा अधिकार राज्याला दिला. महसूल खाते घाट ठरवते, लिलाव करते, ब्रासवर रॉयल्टी घेते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. पोकलेन, जेसीबी आणि पाण्याखालून वाळू ओढणाऱ्या सक्शन बोटी आल्यावर घाटाची हद्द कागदावर राहिली. रात्रीचे डंपर, तहसीलदारांची पथके, जप्त करून फोडलेल्या बोटी या बातम्या भीमा-सीनाकाठी नित्याच्या झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी गौण खनिजाच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. महाराष्ट्राने २०१३ मध्ये गौण खनिज उत्खननाचे नवे नियम केले. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नदीत दरवर्षी किती वाळू नव्याने येते याचा जिल्हा सर्वेक्षण अहवाल मागितला. अहवालाचा भर वाळूच्या पुनर्भरणावर आहे. उरलेल्या गाळात काय आहे, हा प्रश्न या चौकटीत मध्यवर्ती नाही.

पुनर्भरणाचे सत्य भीमेत कडू आहे. वरून येणारी वाळू उजनीत अडते. नीरेच्या खोऱ्यात भाटघर आणि वीर ही धरणे आहेत. पंढरपूरच्या वाळवंटात वारकरी ज्या वाळूवर बसतात ती मुख्यतः जुनी ठेव आहे, व्याज जवळजवळ येत नाही. ती उपसली की खाली चिकणमातीचा किंवा उघडा खडकाचा तळ लागतो. आषाढी-कार्तिकीला खड्ड्यांत बुडून माणसे दगावण्याच्या घटना घडल्या, २०१६ मध्ये ‘नमामि चंद्रभागा’ची घोषणा झाली. नदी स्वच्छ करण्याच्या या सगळ्या चर्चेत वाळू हीच नदीची गाळणी होती, हा मुद्दा फार थोड्यांनी लावून धरला.

उपशाने धातू वाढत नाहीत, पण ते तीन प्रकारे जागा बदलतात. वाळू जाते आणि बारीक चिखल उरतो, त्यामुळे उरलेल्या गाळाच्या एका किलोत धातू पूर्वीपेक्षा जास्त भरतात, जरी नदीत एक ग्रॅमही नवा आलेला नसला. सक्शन बोट वाळूबरोबर चिखल ओढते, धुऊन परत पाण्यात सोडते. तळाशी बसलेले धातू पुन्हा तरंगत बंधाऱ्यांपर्यंत जातात. पात्रात राहिलेल्या खोल खड्ड्यांत उन्हाळ्यात सेंद्रिय मळ साचतो, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि चिखल काळा, दुर्गंधीचा होतो. चौथे नुकसान अभ्यासकाचे: थर उलथले की कालक्रम गेला. कुठला गाळ गिरण्यांच्या काळातला आणि कुठला उजनीनंतरचा, हे ओळखण्याची सोय त्याबरोबरच गेली.

गाळातील धातूंचा धोका मोजण्याची शास्त्रीय परंपरा शोकांतिकांतून आली. जपानमध्ये जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्त-शिशाची खाण होती. तिथले कॅडमियम नदीतून भाताच्या खाचरांत गेले आणि स्त्रियांची हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ रोग पसरला. १९६८ मध्ये जपान सरकारने त्याचा संबंध खाणीशी असल्याचे मान्य केले. मिनामाता येथे १९५६ मध्ये ओळखला गेलेला रोग कारखान्यातून समुद्रात गेलेल्या पाऱ्याचा होता, आणि तो पारा गाळातून माशात व माशातून माणसात आला. पाणी तपासून भागत नाही, गाळ तपासला पाहिजे, हे या दोन प्रकरणांनी शिकवले.

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या गाळासाठी म्युलर यांनी १९६९ मध्ये भू-संचय निर्देशांक सुचवला. रीत सोपी: गाळात सापडलेले धातूचे प्रमाण मूळ नैसर्गिक प्रमाणाच्या दीडपटीने भागायचे आणि उत्तराचा दोन या पायाचा लॉगरिथम घ्यायचा. शून्याखाली असेल तर गाळ निर्मळ. शून्य ते एक, एक ते दोन असे पुढे चढते वर्ग, पाचाच्या वर अत्यंत प्रदूषित. कॅनडात टेसिए आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये गाळातला धातू टप्प्याटप्प्याने विरघळवून तो कशाला चिकटला आहे हे शोधण्याची पद्धत दिली. सहज सुटणारा, कार्बोनेटला बांधलेला, लोह-मँगनीजच्या ऑक्साइडला बांधलेला, सेंद्रिय पदार्थाला बांधलेला आणि खनिजाच्या स्फटिकातच अडकलेला, असे पाच हिस्से. पहिल्या दोन हिश्श्यांतला धातू जिवंत प्राण्याला लवकर लागतो, शेवटच्या हिश्श्यातला जवळजवळ लागत नाही.

१९८० मध्ये स्वीडनमधील लार्स हाकानसन यांनी तळ्यांच्या गाळासाठी संभाव्य पर्यावरणीय जोखीम निर्देशांक मांडला. प्रत्येक धातूच्या वाढीला त्याच्या विषारीपणाच्या गुणकाने गुणायचे: पारा ४०, कॅडमियम ३०, आर्सेनिक १०, तांबे आणि शिसे ५, क्रोमियम २, जस्त १. सगळ्यांची बेरीज दीडशेच्या आत असेल तर धोका अल्प, सहाशेच्या वर गेली तर अतितीव्र. पुढे २००० मध्ये डॉनल्ड मॅकडोनल्ड आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या गाळांवरून दोन मर्यादा बसवल्या, एक अशी की तिच्याखाली जीवांना सहसा अपाय होत नाही आणि दुसरी अशी की तिच्यावर अपाय संभवतो. तांब्याची वरची मर्यादा दर किलोला १४९ मिलिग्रॅम, क्रोमियमची १११, निकेलची ४८.६.

हे आकडे जसेच्या तसे भीमेला लावले की घोळ होतो. निव्वळ बेसाल्टचा, माणसाने न शिवलेला गाळ घ्यावा. त्यात निकेल १३० असेल तर ते अमेरिकी मर्यादेच्या अडीचपटींहून जास्त. क्रोमियम १७० असेल तर तेही हद्दीबाहेर. तांबे १५० असेल तर म्युलरच्या निर्देशांकात, शेल हे प्रमाण मानल्यास, उत्तर १.१५ येते, म्हणजे दुसऱ्या वर्गातला ‘मध्यम प्रदूषित’ गाळ. प्रदूषक कोण, तर लाव्हा. उलट शिशाचे पाहावे. गाळात शिसे २० असेल, तर शेलच्या मापाने उत्तर उणे ०.५८ येते आणि गाळ निर्मळ ठरतो. बेसाल्टचे ६ हे माप घेतले, तर उत्तर १.१५, शिसे मूळच्या तिपटीहून अधिक झालेले असते. कॅडमियममध्ये फरक याहून मोठा. हाकानसन यांनी धरलेली मूळ पातळी १ मिलिग्रॅम होती. भीमेच्या गाळात कॅडमियम १ निघाले तर त्या मापाने जोखीम ३०, म्हणजे अल्प. बेसाल्टच्या ०.२२ शी तुलना केली तर तीच जोखीम १३६ आणि, बेरजेच्या नव्हे तर एकेका धातूच्या वर्गवारीत, वर्ग लक्षणीय. परक्या मापाने जिथे भीती नाही तिथे आरडाओरड होते आणि जिथे काळजी हवी तिथे निश्चिंती मिळते. दख्खनच्या नद्यांवरच्या कुठल्याही अहवालात पहिल्यांदा पाहायची गोष्ट ही, की लेखकाने मूळ पातळी कोणती धरली. ती शेलची असेल तर तांबे, निकेल आणि क्रोमियमचे निष्कर्ष बाजूला ठेवून पुढे वाचावे.

खरोखरच्या खाणीलगत काय घडते, याचे मराठी मुलखाला जवळचे उदाहरण गोव्याचे. १९५० च्या दशकापासून लोहखनिज जपानकडे जाऊ लागले. एक टन खनिज काढायला दोन-तीन टन माती-दगड हलवावा लागे; त्यांचे ढीग पावसात वाहून शेतांत आणि ओढ्यांत उतरले. खनिज मांडवी आणि झुआरीतून बार्जेसने मुरगावला जाई. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि गोवा विद्यापीठ यांनी या खाड्यांच्या गाळावर वर्षानुवर्षे काम केले आहे. लोह आणि मँगनीज हे तिथले मुख्य नायक. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन पुन्हा थांबल्या. अशा विरामांनी अभ्यासकांना आधी-नंतरची तुलना करण्याची संधी दिली. गोव्यातही जांभ्या खडकामुळे लोहाची मूळ पातळी उंच आहे, म्हणून तिथेही मापाचा प्रश्न सुटलेला नाही. मात्र तिथे गाळाचा अभ्यास करणाऱ्या संस्था नदीच्या मुखाशी बसल्या आहेत. सोलापुरात केंद्रीय जल आयोगाची मोजणीची ठिकाणे सीनेवर वडकबाळला आणि भीमेवर टाकळीला आहेत, आणि २००४ पासून जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठही आहे.

भीमेच्या बाजूने एक नैसर्गिक कवच आहे. कोळशाच्या किंवा गंधकयुक्त खनिजांच्या खाणींत असते तसे आम्ल तयार करणारे पायराइट बेसाल्टमध्ये जवळजवळ नसते. चुनखडीच्या मातीमुळे पाणी अल्कधर्मी राहते आणि शिसे, तांबे, कॅडमियम गाळाला घट्ट धरून बसतात. याच पाण्यात आर्सेनिक आणि षट्संयुजी क्रोमियम मात्र अधिक मोकळे होऊ शकतात, म्हणून क्रोमियमचा एकूण आकडा न पाहता त्याचे कोणते रूप आहे हे पाहावे लागते.

कवच फुटते ते उजनी वजात गेल्यावर. तळाचा चिखल वर्षानुवर्षे प्राणवायूविना होता, त्यातले धातू सल्फाइडच्या रूपात कोंडलेले. पाणी ओसरले की तो उन्हात भेगाळतो, सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते आणि कॅडमियम, जस्त, तांबे सैल होतात. जुलैच्या पहिल्या पाण्याबरोबर त्यांतले काही विरघळून निघते. ओसरलेल्या या जमिनीवर गाळपेर होते, म्हणजे पिकाची मुळे थेट पुण्याच्या गाळात. जलाशयात कटला-रोहूबरोबर चिलापी आहे. ती चिखलात गोल खळगा करून अंडी घालते आणि तळाचा सेंद्रिय मळ खाते. भिगवणच्या बाजारात विकली जाणारी चिलापी ही गाळ आणि ताट यांच्यातला दुसरा आणि सर्वांत आखूड रस्ता आहे. तिसरा रस्ता शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा. तलावांचा गाळ शेतात टाकणे ही जुनी, शहाणी रीत. काळ्या मातीला त्याने जीव येतो. खेड्यातल्या पाझर तलावाच्या गाळाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. शहराच्या सांडपाण्याखाली असलेल्या किंवा रंगाईच्या नाल्याने भरणाऱ्या तळ्याचा गाळ मात्र कॅडमियम आणि शिसे तपासल्याशिवाय उचलू नये.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० आहे: शिसे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३. गाळासाठी असे बंधनकारक राष्ट्रीय मानक नाही, आणि दख्खनच्या नद्यांसाठी वेगळे तर नाहीच. भीमेची मूळ पातळी ठरवायला परदेशी तक्त्याची गरज पडू नये. काठच्या जुन्या पोयट्याच्या दरडी, एकरुखच्या तळाचा १८७१ पर्यंतचा गाभा आणि हत्तरसंग कुडलच्या वर सीना व भीमा या दोन्ही अंगांचे नमुने, एवढे ६३ मायक्रॉनखालच्या चाळणीतून काढून पाच हिश्श्यांत तपासले, तर जिल्ह्याला स्वतःचे माप मिळेल. दरडी वाळूसाठी खचताहेत आणि एकरुखचा गाळ उपसला जाऊ शकतो, म्हणून हे नमुने पुढचे घाट लिलावात निघण्याआधी घेतले पाहिजेत.